आत्र्यांचा काना परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली 'वाचायलाच हवीत' ही पंचवीस वैचारिक पुस्तकांची यादी वाचली. लगेच लिहायला बसणार होतो, पण रक्तदाबाची गोळी घेऊन एक दिवस थांबलो. यादीत 'गावगाडा' आहे, म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. पण लेखक म्हणून नाव छापलंय आचार्य अत्रे यांचं, आणि खाली वर्णन : 'खुसखुशीत शैलीतले ग्रामजीवन'.

संपादक महोदय, 'गावगाडा' त्रिंबक नारायण आत्रे यांचा आहे. यांच्या आडनावात काना आहे. पुस्तक निघालं १९१५ साली, तेव्हा सासवडचे अत्रे जेमतेम सतरा वर्षांचे होते. त्यांच्या खात्यावर मुळात इतकं जमा आहे की हे आणखी चिकटवायची गरज नव्हती. आणि खुसखुशीत? कुणब्याच्या खळ्यावरून कोण किती धान्य उचलून नेतो, त्या बदल्यात काम काय करतो आणि कुणब्याच्या पदरात शेवटी काय उरतं, याचा हिशेब आहे तो. शिफारस करणाऱ्या जाणकारांनी निदान मुखपृष्ठ तरी उलटून पाहायचं.

हे मला इतकं का झोंबलं ते सांगतो. मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो. १९८३ साली एका सहा-ब इनामाच्या वारसनोंदीत अडकलो होतो. महार वतनाची, म्हणजे गावकीच्या कामाच्या बदल्यात पिढीजात मिळालेली जमीन. वतनं कायद्यानं संपून वीस वर्षं उलटून गेली होती, सातबाऱ्यावर नाव एकाचं, आणि चावडीत एक म्हातारा मात्र शांतपणे सांगत होता, ''भाऊसाहेब, शेत एकट्याचं न्हाई. पाळीपाळीनं राबलोय आमी समदे.'' पाळी म्हणजे काय, कुणाची, कशाची, मला काही कळेना. तहसीलदारांकडे गेलो. ते म्हणाले, ''आधी हे वाच, मग फेरफाराला हात लाव,'' आणि कपाटातून खाकी कव्हर घातलेला 'गावगाडा' काढून दिला. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती, कारू म्हणजे बलुतेदार कोण, नारू म्हणजे अलुतेदार कोण, वतन एकाचं नसून घराण्याचं असतं आणि त्याचं काम पाळीपाळीनं होतं म्हणजे काय, हे मी त्यातून शिकलो. आत्रे स्वतः महसूल खात्यातले, त्यामुळे पुस्तक आमच्याच दप्तरातून निघाल्यासारखं वाटतं. तहसीलदार रावसाहेबांनी ते परत मागितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही आठवण करून दिली नाही.

आत्र्यांचं सगळं पटतं असं नाही. फिरस्त्यांवर, मागत्यांवर त्यांची नजर फार कडक आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्यांना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्याविषयी वाचताना आज कानकोंडं व्हायला होतं. म्हणूनच शेजारी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलेलं महार वतनाचं बिल ठेवावं. एक गाव खळ्यावरून पाहिलेलं, दुसरं वेशीबाहेरून. पण हे सांगायला पुस्तक आधी उघडावं लागतं.

तर निवृत्त झाल्यावर ती प्रत, समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट, मी आमच्या गावच्या वाचनालयाला दिली. दोन वर्षांपूर्वी नातीला दाखवायला म्हणून मागितली. सापडेना. शेवटी रजिस्टर काढलं. नोंद होती : 'अत्रे, प्र. के., गावगाडा, कादंबरी.' पाच वर्षांत कुणी नेली नाही म्हणून निर्लेखन झालं होतं, म्हणजे रद्दी. कादंबरी म्हणून ती कोण नेणार होतं? आणि ज्याला हवी होती त्याला कादंबऱ्यांच्या कपाटात ती कशी सापडणार होती? एक काना गळला आणि पुस्तक किलोवर गेलं. आता आपली पुरवणी वाचून आणखी किती रजिस्टरांत तशीच नोंद होईल, याचा विचार केलात का?

यादीतल्या बाकीच्या पुस्तकांबद्दल फार बोलत नाही. इतिहासाच्या रकान्यात शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' नाही, पण पानिपतावरची कादंबरी मात्र आहे, वैचारिक या शब्दाचा अर्थ हल्ली बदलला असावा. मानसशास्त्रात डॅनियल कानेमन यांचं २०११ चं गाजलेलं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' पहिल्या क्रमांकावर दिलंय आणि 'यातला शब्द न् शब्द प्रयोगसिद्ध' असं प्रशस्तिपत्रकही जोडलंय. पुस्तक चांगलंच आहे. पण नकळत नजरेखालून गेलेल्या शब्दांनी माणसाचं वागणं बदलतं, हे सांगणाऱ्या त्यातल्या प्रकरणात आपण मोजक्या माणसांवर केलेल्या प्रयोगांवर नको तितका विश्वास ठेवला, हे कानेमन यांनीच २०१७ साली कबूल केलं होतं. नोबेल मिळालेला माणूस चूक मान्य करतो. तेव्हा आपणही पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापायला हरकत नसावी. ती पान अकरावर, पंचांगाच्या खाली नको. यादी जिथे होती तिथेच, त्याच टायपात.

नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या पत्राखाली आपण माझ्याही आडनावाचा काना खाल्ला होता.

आपला,
एक निवृत्त मंडल अधिकारी, जुन्नर