मफलर अजून इथेच आहे

एडिसन, न्यू जर्सी

चि. सईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर "तिच्याशी आता बोलणं नाही" एवढंच म्हणालीस आणि विषय बदललास. मला रात्री झोप लागली नाही. तू डेमोक्रॅट काँग्रेसमनच्या ऑफिसात, ती तुझी मैत्रीण रिपब्लिकनच्या, तरी दोन वर्षं लाँगवर्थ या तुमच्या ऑफिस-इमारतीच्या कॅफेटेरियात तुम्ही एका टेबलावर जेवलात. थँक्सगिव्हिंगला ती आपल्याकडे आली, तेव्हा आमटी दोनदा मागून घेतली होती पोरीने.

इमिग्रेशनवरून वाद झाला आणि ती "तुमच्यासारखे लोक" म्हणाली. ते शब्द मलाही लागले. या देशात एकतीस वर्षं काढली मी, अजून लागतात. तू ते विसरावंस असं मी म्हणणार नाही. पण तुला किती लागलं, हे तिला कुठे ठाऊक आहे? तू उठून निघून आलीस. तिच्यासमोर बसून सांग. तुझं मत सोडू नकोस, तिलाही सोडायला लावू नकोस.

सकाळी फोन उचलला की अनोळखी माणूस घाणेरड्या शिव्या देतो आणि तू "निरोप पोचवते" म्हणून लिहून घेतेस. तिच्या टेबलावरही तेच चालतं. हे तुम्हा दोघींना जेवढं कळतं, तेवढं मला आई असूनही कळणार नाही.

तू आम्हाला संसदेची ती कॅपिटॉल इमारत दाखवायला नेलंस, तेव्हा गेब झिमरमनच्या नावाच्या खोलीपाशी बाबा थबकले होते, आठवतं? ८ जानेवारी २०११ ला ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये काँग्रेसवुमन गॅबी गिफर्ड्स सुपरमार्केटबाहेर मतदारांना भेटत होत्या. त्या गोळीबारात सहा माणसं गेली, त्यात त्यांच्या ऑफिसातला हा मुलगा. तीस वर्षांचा, लग्न ठरलेलं. बाबा परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून तुझा फोन उशिरा आला की ते दारापाशी फेऱ्या घालतात.

तूच मला २०१९ साली नेमलेल्या, इथल्या संसदेचं कामकाज सुधारण्यासाठीच्या आधुनिकीकरण समितीबद्दल सांगितलं होतंस. दोन्ही पक्षांचे सहा-सहा जण, पुढे पुढे तर एकाआड एक बसायला लागले. शेजारच्याला हळूच काही विचारायचं झालं, तर तो शेजारी विरोधी पक्षाचाच! मध्ये ६ जानेवारी २०२१ ला जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला, मनं पार फाटली होती, तरी त्यांनी दोनशेहून जास्त शिफारशी मिळून केल्या. सांगताना तुझा आवाज किती खुलला होता, सई. तू या कामात गेलीस ती याच ओढीने, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

तिचा राखाडी मफलर थँक्सगिव्हिंगपासून आपल्या कोट ठेवायच्या कपाटात आहे. मी धुऊन ठेवलाय. शनिवारी येशील तेव्हा घेऊन जा आणि तिच्या हातात दे. ऑफिसात कुणाकडे ठेवून येऊ नकोस.

तुझी,
आई