दारूबंदी आणि दवाखान्याचं दार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले दोन आठवडे आपल्या वाचकांच्या पत्रांत दारूबंदीवरून चांगलीच जुंपली आहे. एक बाजू म्हणते, विष आहे, बंदच करा. दुसरी म्हणते, कोण काय पितो त्यात सरकारने नाक खुपसू नये. परवाच्या अंकात एका गृहस्थांनी तर लिहिलं की विकणाऱ्याला पकडून काही होत नाही, पिणाऱ्यालाच आत टाका, चार दिवसांत सरळ येतो. ते ‘चार दिवस’ वाचून मी पेपर घडी घालून ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले.

चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका होते, त्यातली बरीचशी पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात. दारूने काय होतं ते मी लिटरने मोजलं आहे. यकृत गेलेल्या माणसाच्या फुगलेल्या पोटातून पाणी काढतात, एका वेळी चार-पाच लिटर, तेव्हा खाली भरलेली बाटली काढून रिकामी लावायचं काम माझं. महिनाभराने तोच माणूस, तेच पोट. मधली काही वर्षं अस्थिरोग विभागात होते, तिथे या पुरुषांच्या बायका यायच्या. ‘जिन्यावरून पडले’ म्हणायच्या. जिन्यावरून पडणारी हात टेकते आणि तिचं बहुधा मनगट मोडतं. काठी अडवायला हात वर धरलेला असेल तर कोपराखालचं हाड मधेच मोडतं. एक्स-रे बघितला की आम्ही पुढचं विचारायचो नाही, प्लास्टर भिजवायला घ्यायचो. तेव्हा बंदी मागणाऱ्या बायकांना मी कधीच नावं ठेवणार नाही.

दारूची वकिली मला करायचीच नाही. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ हे मी डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत सांगूनच टाकलं की निर्धोक असं दारूचं प्रमाण नाही. कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ती १९८८ पासून आहे, तंबाखूच्या पंगतीला. २०१९ या एका वर्षात जगभरात दारूपायी सुमारे २६ लाख माणसं गेली, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. उद्या सगळी दुकानं बंद झाली तर मला काडीचंही वाईट वाटणार नाही. माझं भांडण बंदीच्या कायद्यातल्या एकाच ओळीशी आहे: पिणं हाही गुन्हा.

नोकरीतली काही वर्षं मी अशा ठिकाणी काढली जिथे ती ओळ लागू होती. एका रात्री दोनच्या सुमाराला पस्तिशीतला एक माणूस आला. सोबत बायको आणि एक मित्र. बायको म्हणाली, बाहेरचं काहीतरी खाण्यात आलंय, सकाळपासून पोट दुखतंय, उलट्या होतायत. ताप नाही, जुलाब नाहीत. श्वास मात्र खोल आणि भराभर, चार जिने चढून आल्यासारखा, आणि छाती तपासली तर साफ. मी बीपीचा पट्टा बांधत होते तेव्हा तो म्हणाला, “सिस्टर, लाईट लावा ना.”

वॉर्डातल्या सगळ्या ट्यूबलाईट चालू होत्या.

मी कानाशी वाकून विचारलं, काय घेतलंस? तो गप्प. डॉक्टरांनी विचारलं, तरी गप्प. बायकोला बाजूला व्हरांड्यात नेलं. तिचा पहिला प्रश्न होता, “केस होईल का?” वाचतील का, हे तिने नंतर विचारलं.

अपघात विभागात हवालदार बसलेला असतो. विषबाधा म्हटली की केस पेपरवर एमएलसीचा, म्हणजे पोलिसांशी संबंध येणाऱ्या प्रकरणाचा, शिक्का बसतो, पोलिसांना कळवावं लागतं. त्यात वावगं काही नाही. घातपात त्यातूनच उघडकीला येतो. पण जिथे पिणं हाच गुन्हा, तिथे तो शिक्का म्हणजे रुग्णाविरुद्धचा पहिला कागद, आणि हे घरच्यांना पक्कं ठाऊक असतं. तिने खरं काय ते सांगितलं तेव्हा पाच वाजत आले होते.

या तीन तासांत काय बिघडतं ते सांगते. विषारी दारूत मिथेनॉल असतं, रंग-वार्निशच्या धंद्यात लागणारं स्पिरिट. चवीवरून, वासावरून पिणाऱ्याला कळत नाही, झिंगही येते. ते पोटात गेलं तेवढ्याने डोळे जात नाहीत. यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं आणि मग फॉर्मिक आम्ल, जे मुंग्यांच्या विषात असतं. ते आम्ल रक्तात साठत जातं आणि डोळ्याच्या नसेला मारतं. याला वेळ लागतो, म्हणून तर फसगत होते. माणूस पिऊन घरी येतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी डोकं धरून उठतो, नेहमीचंच म्हणून सोडून देतो, आणि मग कधीतरी त्याच्या डोळ्यांसमोर धुकं यायला लागतं.

आता यावरचा उतारा ऐका. यकृतातलं जे एन्झाइम हा उद्योग करतं, त्याची ओढ मिथेनॉलपेक्षा साध्या दारूकडे, म्हणजे इथेनॉलकडे, कितीतरी जास्त असते. ते पुढे आलं की मिथेनॉल बाजूला पडतं, त्याचं आम्ल होत नाही, आणि डायलिसिसने ते बाहेर काढायला सवड मिळते. फोमेपिझोल नावाचं याहून सोयीचं औषध आहे, पण ते महागडं, आमच्या कपाटात मी कधी पाहिलं नाही. तेव्हा त्या पहाटे मी नाकातून पोटापर्यंत जाणारी नळी, रायल्स ट्यूब, घातली, कुलपातली व्हिस्की काढली आणि पाणी मिसळून, मापून, दर तासाला त्या माणसाच्या पोटात सोडली. जिथे प्यायलं म्हणून तुरुंग होता, तिथे. दर वेळी रजिस्टरवर वेळ, मिलिलिटर आणि सही, कारणाच्या रकान्यात ‘औषध’. वॉर्डातले मामा बघत उभे होते. शेवटी न राहवून म्हणाले, “सिस्टर, याला अजून पाजताय?” त्यांना समजावत बसायला मला वेळ नव्हता.

माणूस वाचला. डोळे गेले. पुढे तपासणीला यायचा तेव्हा बोलल्याशिवाय कोणाला ओळखायचा नाही, माझ्या चपलांचा आवाज मात्र लांबून ओळखायचा.

मित्रानेही त्याच बाटलीतली घेतली होती. हवालदार बघितल्यावर तो ‘पाणी आणतो’ म्हणून जो गेला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला, चौघांच्या हातांवर. त्याला ट्यूब घालायची वेळच आली नाही.

आता ते ‘चार दिवस’. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम सुरू होतो; अंगावर किडे चालतात, भिंतीतून माणसं येतात. डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात त्याला, वॉर्डात आम्ही नुसतं ‘डीटी’ म्हणायचो. आमच्याकडे एक सुतार होता. तो रात्रभर खाटेच्या कठड्यावर खिळे ठोकत होता. हातात हातोडी नाही, खिळे नाहीत, तरी ओठांत धरलेला एकेक खिळा काढायचा, बोटांत धरायचा आणि ठोकायचा. मधेच बोटावर बसली म्हणून हात झटकायचा. औषधोपचार नसेल तर या अवस्थेत माणूस दगावू शकतो. डायझेपाम हे शांत करणारं औषध कधी आणि किती द्यायचं, ग्लुकोजच्या आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन का द्यायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. कोठडीवरच्या पहारेकऱ्याला ते कुठून ठाऊक असणार? त्याला ते नाटक वाटतं. गृहस्थांनी लिहिलेल्या चार दिवसांतला तिसरा दिवस हा असा असतो.

२०२० च्या टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा केरळ सरकारवर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढायची पाळी आली. डॉक्टरांनीच विरोध केला, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. विरोध बरोबर होता, कारण दारू तुटल्यावरचा उपचार गोळ्या-इंजेक्शनांचा आहे. पण मग तेवढ्या खाटा आणि तेवढं औषध बंदीच्या आदेशाआधी मोजायला नको का?

अमेरिकेचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला गेला आहे. तिथे १९२० ते १९३३ बंदी होती, गुंडांच्या टोळ्या पोसल्या गेल्या, सगळं खरं. पण त्या देशव्यापी कायद्याने दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं बंद केलं होतं. पिणं हा गुन्हा नव्हता, हे कोणी लिहिलं नाही. यकृताच्या सिऱ्हॉसिसने मरणारे त्या काळात कमी होते, हेही लिहिलं नाही. (घट बंदीच्या आधीच सुरू झाली होती, म्हणून सगळं श्रेय कायद्याला देता येत नाही.) आणि तिथेच कारखान्यांसाठीचं अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून सरकारच्या नियमानुसार त्यात मिथेनॉल घातलं जायचं. लोक ते प्यायले आणि मेले. १९३० साली तर ‘जेक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आल्याच्या अर्कात भलतंच रसायन मिसळलं गेलं आणि हजारो लोकांचे पाय लुळे पडले. फिनलंडने १९१९ मध्ये बंदी आणली आणि सार्वमत घेऊन १९३२ मध्ये उठवली. सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह यांनी १९८५ साली पुरती बंदी न आणता दारूचा पुरवठा आवळला. पुढच्या दोन-तीन वर्षांत पुरुषांचं सरासरी आयुष्य चांगलंच वाढलं. त्याच काळात घरोघरी दारू गाळायला लागल्याने दुकानांतली साखर संपली. यातलं एक सांगून दुसरं लपवायचं, हे पत्रलेखकांनी आता थांबवावं.

आपल्याकडे बिहारने २०१६ मध्ये बंदी आणली, त्यात पिणाऱ्यालाही तुरुंग होता. न्यायालयांत जामिनाच्या अर्जांचा ढीग लागला. २०१८ आणि पुन्हा २०२२ मध्ये सरकारलाच कायदा सौम्य करावा लागला. पहिल्यांदा सापडलेल्याला आता दंड भरून सुटता येतं. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या सारण जिल्ह्यात विषारी दारूने माणसं गेली त्याच्या बातम्या मी वाचल्या, तेव्हा मला व्हरांड्यातली ती बाई आठवली.

विषारी दारू बंदीमुळेच येते असंही मी म्हणत नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, २०२४ मध्ये तमिळनाडूत कल्लकुरिचीला साठहून अधिक, आणि दोन्हीकडे परवान्याची दुकानं राजरोस उघडी होती. ज्याच्या खिशात कमी, तो फुगा, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली स्वस्त गावठी, घेतो. तेव्हा बंदी उठवली की विषबाधा थांबेल, असं म्हणणाऱ्यांच्याही रांगेत मला उभं करू नका.

दुकानं कमी करा, वेळ कमी करा, कर वाढवा, सोड्याच्या नावाने चालणाऱ्या जाहिराती थांबवा. सगळीच बंद करायची हिंमत असेल तर तीही करा. भट्टीवाल्याला आणि त्याच्यापर्यंत मिथेनॉलचे पिंप पोचवणाऱ्याला अजिबात सोडू नका. ते पिंप कुठल्या तरी कारखान्याच्या दारातूनच बाहेर पडतं. पण त्या कायद्यात एक कलम घाला. जो दवाखान्यात आला, त्याच्यावर आणि त्याला घेऊन येणाऱ्यावर प्यायल्याबद्दल गुन्हा नाही, आणि डॉक्टरला किंवा सिस्टरला सांगितलेलं त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही. हे कलम राजपत्रात छापून भागणार नाही. अपघात विभागाच्या दाराशी जो हवालदार बसतो, त्यानेच आलेल्या माणसाला पहिल्या वाक्यात हे सांगितलं पाहिजे.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर अमेरिका आणि फिनलंड काढा, त्या रात्रीची हकिगत ठेवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका