मंदाझीवाल्या मावशी आणि कंडक्टरदादा, मनापासून आभार

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतर एक वर्ष थांबून मी नगरहून केनियात मिशनच्या सेवेला गेलो होतो. परतीच्या दिवशी नैरोबीत मतातूतून, म्हणजे तिथल्या मिनीबसमधून, उतरलो आणि खांद्यावरची पिशवी आतच राहिली. तिच्यात आजीचं मराठी बायबल आणि त्यात ठेवलेलं पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड. ते नसेल तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. विमान त्याच रात्रीचं. मला रडूच फुटलं.

स्टँडवर मंदाझी, म्हणजे तिथल्या गोडसर पुऱ्या, तळणाऱ्या मावशींनी कढई खाली उतरवली, "पोले, पोले" (अरेरे, वाईट झालं) म्हणत मला बाकावर बसवलं, हातात चहा दिला. मग स्वतःच्या फोनवरून त्या मार्गावरच्या ओळखीच्या गाडीवाल्यांना एकेक करून फोन लावत राहिल्या. तासाभराने कंडक्टरदादा पावसातून धावत आले. स्वतः चिंब, पण पिशवी जॅकेटात गुंडाळून छातीशी धरलेली. बायबलचं एक पानही ओलं नव्हतं. पैसे दोघांनीही घेतले नाहीत. उलट मावशींनी वाटेसाठी चार गरम मंदाझी कागदात बांधून दिल्या.

मावशी, दादा, गडबडीत तुमची नावं विचारायची राहूनच गेली. आजीच्या रोजच्या प्रार्थनेत आता तुम्ही दोघं असता. असांते साना, म्हणजेच खूप खूप धन्यवाद.