सायरन वाजण्याआधीच वाट

महोदय,

मुलीकडे जर्मनीत तीन महिने राहून आले. तिथे महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकू लागल्या, की सायरनची वाट न बघता डाव्या लेनमधल्या डावीकडे, बाकीच्या उजवीकडे होतात; मधोमध रुग्णवाहिकेला वाट मोकळी. कायदाच आहे तसा. जावयाने गप्पा न थांबवता गाडी कडेला घेतली, इतकं अंगवळणी पडलेलं!

परवा सोलापुरात सात रस्ता चौकात रुग्णवाहिका अडकली. मागच्या काचेतून सलाईनची बाटली उंच धरलेली बाई दिसत होती. वाट मिळताच दोन दुचाकीवाले रुग्णवाहिकेच्या मागोमाग सुसाट निघाले. फार संताप आला. आपल्याकडेही वाट अडवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. लायसन्सच्या परीक्षेत अशी वाट देणं प्रत्यक्ष करून घ्यावं.

– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर