लांबी सोडा, पाण्याची उंची बघा

संपादक महोदय,

गेल्या श्रावणात रात्री दोनला हॉलमधून 'कट्' असा आवाज आला. उठून पाहतो तर फिशटँकच्या पुढच्या काचेला खालच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेलेली. हॉलभर पाणी, सोफ्याखाली तडफडणारे एंजल मासे आणि दारात खालच्या मजल्यावरच्या काकू! टाकी चार फूट लांब, दोन फूट उंच, काच ८ मिमी. "बिनधास्त न्या काका," दुकानदार म्हणाला होता.

आयुष्यभर कारखान्यात ड्रॉइंगं काढली, पण हा हिशेब मांडला तो टाकी फुटल्यावर. पाणी ६० सेंमी भरलं की चार फुटी काचेवर सुमारे २१६ किलो भार येतो, सर्वाधिक दाब तळाशी. टाकी पुढून मागे किती रुंद, याने त्यात काही फरक पडत नाही. पाण्याची उंची दुप्पट केली, तर भार चौपट. उलट काचेची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. १२ मिमीची काच ८ मिमीच्या सव्वादोन पट भार पेलते. आता मी तीच घेतली आहे.

काचेऐवजी अॅक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लास्टिक, हलकं, सहज फुटतही नाही. पण काचेपेक्षा ते कितीतरी लवचीक. पातळ घेतलं तर पोट सुटल्यासारखं फुगतं आणि सांध्यांवर ताण येतो. शिवाय ओरखडे!

दुकानदारांनी बिलावर निदान काचेची जाडी आणि पाणी कुठवर भरायचं, एवढं तरी लिहून द्यावं. माझ्या बिलावर फक्त 'टँक, एक नग' असं होतं.

— एक वाचक, लालबाग