एकटी गेली ते कळलं, पण तिला दिसलं काय तेही छापा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हल्ली एकटीने फिरणाऱ्या मुलींवर बरंच येतंय, चांगलंच आहे, मी सगळं वाचते. पण एक गोष्ट सारखी खटकते म्हणून हे पत्र. हेडिंग काय तर "धाडसी तरुणीची एकटीने भ्रमंती", मग घरच्यांनी कसं सोडलं, भीती नाही का वाटली, पैसे कुठून आणले, रात्री मुक्काम कुठे, आणि शेवटी चौकटीत सेफ्टीच्या टिप्स. ती मुलगी ज्या देशात महिनाभर राहून आली त्या देशाबद्दल दोन ओळी, निसर्ग सुंदर आणि लोक प्रेमळ. अहो मग ती एवढ्या लांब गेली कशाला?

हे इतकं डोक्यात बसलं ते व्हिएतनामच्या एका मुलीमुळे, हुयेन चिप नावाच्या. माझा भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअरमधे आहे, त्याच्या टेबलावर तिचं एआयवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, त्याला ती फक्त इंजिनिअर म्हणून माहीत. मी सहज तिच्याबद्दल वाचायला घेतलं आणि मग वाचतच बसले. भातशेतीच्या छोट्या गावात वाढलेली मुलगी, शाळा संपल्यावर तीन दिवसांसाठी म्हणून ब्रुनेईला गेली आणि ते तीन दिवस तीन वर्षांचे झाले, आशिया, मग आफ्रिका, मग दक्षिण अमेरिका. वाटेत पोटापाण्यासाठी मिळेल ते काम केलं, कॅसिनोत होस्टेस, रस्त्यावर खेळ करून दाखवणं, आणि आपल्या बॉलिवूडमधे एक्स्ट्रा म्हणूनसुद्धा. परदेशी पाहुण्यांना कुलाब्यातून शूटिंगला न्यायची पद्धत मुंबईत जुनीच आहे, नाचणाऱ्यांच्या मागे उभं राहायचं, दिवसाचे पैसे घ्यायचे, संपलं. म्हणजे आपण कधीतरी तिला पडद्यावर मागच्या गर्दीत बघितलंही असेल.

२०१२ साली तिचं प्रवासाचं पुस्तक व्हिएतनाममधे आलं आणि तिथल्या कॉलेजच्या पोरापोरींनी ते डोक्यावर घेतलं. दुसऱ्या वर्षी दुसरा भाग आला आणि मग सगळं फिरलं. २५ देश आणि सुरुवातीला खिशात ७०० डॉलर, हे आकडे पुस्तकाच्या जाहिरातीत होते, त्यावरून लोकांनी तिला धरलं. एवढ्या पैशात होतंच कसं, हा व्हिसा मिळालाच कसा, पासपोर्ट दाखव, शिक्के दाखव, पोरगी खोटं बोलतेय. सरकारी खात्यापर्यंत तक्रारी गेल्या. तिने तिच्या परीने उत्तरं दिली, काहींना पटली काहींना नाही. वाचकाला शंका घ्यायचा हक्क आहे हे मला मान्य आहे, प्रवासवर्णन म्हणून छापलंय तर ते खरं असायला पाहिजे. पण मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, की त्या सगळ्या गदारोळात तिने आफ्रिकेत काय बघितलं, भारतात काय बघितलं, व्हिएतनामच्या बाहेर पडल्यावर तिला स्वतःचा देश कसा दिसायला लागला, यावर बोलायला कुणाला वेळच राहिला नाही. सगळी चर्चा पैसे आणि शिक्के. पुढे ती अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकायला गेली, लेखिका व्हायचं म्हणून गेली आणि कॉम्प्युटरच्या प्रेमात पडली, तिथे शिकता शिकता शिकवायलाही लागली. आता जगभरचे इंजिनिअर तिचं वाचतात.

आता पासपोर्टचं ऐका, कारण हे आपल्याकडचे लेख कधीच सांगत नाहीत. युरोपातली मुलगी जग फिरायला निघते तेव्हा बहुतेक ठिकाणी तिला दार उघडंच असतं. व्हिएतनामच्या मुलीला तसं नाही आणि आपल्याही मुलीला नाही. ब्रुनेई, मलेशिया, थायलंड हे शेजारचे देश व्हिएतनामी पासपोर्टवर विनाव्हिसा जाता येतात, म्हणून तर तिथली बहुतेक पोरं पहिल्यांदा तिकडेच जातात. त्याच्या पलीकडे जायचं तर बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, परतीचं तिकीट, आणि अर्जदार तरुण, अविवाहित, एकटी बाई असली की समोरचा माणूस आणखी दोनदा बघतो, ही परत येणार ना. म्हणून मला तिचा प्रवास गोऱ्या प्रवाशांच्या प्रवासापेक्षा आपल्याला जवळचा वाटतो. आपल्या मुलींनी वाचावं तर असं.

तिकडच्या घरांतही आपल्यासारखंच आहे सगळं. चीनकडून आलेली कन्फ्यूशियसची शिकवण त्यांच्याकडे शेकडो वर्षं मुरलेली, त्यात बाईसाठी तीन आज्ञा, लग्नाआधी बापाचं ऐकायचं, लग्नानंतर नवऱ्याचं, नवरा गेल्यावर मुलाचं. मी हे वाचलं तेव्हा थांबलेच, कारण पिता रक्षति कौमारे आपण लहानपणापासून ऐकलेलं, अगदी तोच क्रम. आणि त्याच देशात इसवी सन ४० मधे चिनी सत्तेविरुद्ध उठाव करणाऱ्या दोघी ट्रुंग बहिणींना देवीसारखा मान, गावोगावी त्यांच्या नावाचे रस्ते. आपणही ताराराणीचा पुतळा उभारतो आणि घरी पोरीला विचारतो सातच्या आत का नाही आलीस. बायका कामाला जाण्यात मात्र व्हिएतनाम जगात वरच्या नंबरात आहे, शेत, फॅक्टरी, दुकान, ऑफिस सगळीकडे बाई दिसते, त्या बाबतीत आपण फार मागे आहोत. स्वतःची कमाई आणि स्वतःची स्कूटर, या दोन गोष्टी हातात आल्या की पुढचं थांबवणं अवघड जातं, पुण्यातल्या कुठल्याही मुलीला विचारा.

मी हे नुसतं वाचून लिहीत नाहीये. मागे आम्ही नाशिकहून एका ग्रुप टूरने व्हिएतनामला गेलो होतो, नेहमीसारखी, हनोई, हालोंगची बोट, होई अन, सोबत आपला स्वयंपाकी, रोज वरणभात. हनोईतली आमची गाइड निन्ह बिन्हकडची तिशीची मुलगी. बसमधे आमच्या बायकांनी तिला पहिला प्रश्न विचारला, लग्न झालं का. ती हसली, म्हणाली अजून नाही, आणि तेत आला, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, की गावाकडे सगळ्या मावश्या आत्या हेच विचारतात. मग बोलता बोलता तिने सांगितलं की ती ऑक्टोबरमधे एकटी मोटरसायकलवर हा जांग नावाच्या भागात जाऊन आली, उत्तरेला चीनच्या सीमेवर, तिथे तेव्हा कुट्टू नावाच्या धान्याची गुलाबी फुलं डोंगरभर असतात. झालं. बसमधे नुसता गलका. एकटी? रात्री कुठे राहिलीस? आई काही बोलली नाही? गाडी बंद पडली असती तर? ती बिचारी सगळ्यांना उत्तरं देत राहिली आणि तेवढ्यात हालोंगची बोट आली.

दुपारी जेवताना मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, तिथे काय बघितलंस ते सांग. आणि ती जी बोलायला लागली! तिकडे डोंगर म्हणजे नुसता काळा टोकदार चुनखडी दगड, माती नाहीच म्हटलं तरी चालेल. तर तिथल्या मोंग जमातीच्या बायका पाठीवरच्या टोपलीतून खालून माती वाहून आणतात आणि दगडातल्या खोबणीत, एकेका खोबणीत, ओंजळीने भरतात, पावसाने वाहून जाऊ नये म्हणून कडेने छोटे दगड रचतात, आणि त्या ओंजळभर मातीत मक्याचे दोन चार दाणे. एका खोबणीत दोन ताटं, पुढच्यात तीन. असं करत अख्खा उतार. मग तो मका जात्यावर दळायचा आणि पाण्याचा हबका मारून, चाळून, दोनदा वाफवायचा, तेच त्यांचं रोजचं जेवण, भात सणासुदीला. ती म्हणाली शाळेत आम्हाला शिकवलेलं की व्हिएतनाम म्हणजे भाताचा देश, आणि माझ्याच देशात भात न मिळणारी माणसं आहेत हे मला तिथे त्या बाईच्या चुलीजवळ बसल्यावर कळलं. तिने त्या बाईबरोबर एक सकाळ माती भरली होती, तर नखाखाली गेलेली माती दोन दिवस निघाली नव्हती म्हणे.

आणि ज्या रस्त्याने ती गेली त्याचीही गोष्ट तिनेच सांगितली. १९५९ ते १९६५ या काळात तरुण मुलामुलींनी तो रस्ता फोडला, मशिनरी जवळपास नाहीच, पहार, घण आणि हात. मा पी लेंग नावाच्या घाटात तर कड्यावरून दोरावर लोंबकळत महिनोन्महिने दगड फोडला, खाली नदी खोल दरीत. त्या रस्त्याचं नाव त्यांनी सुखाचा रस्ता असं ठेवलंय. आता हनोई सायगावची पोरंपोरी गाड्या घेऊन तिथेच जातात, एकमेकांना फोनवर रस्ते सांगतात, कुठे पेट्रोल मिळतं, कुठल्या आजीच्या घरी झोपायला गादी मिळते.

आता सांगा, बसमधल्या पंचवीस तीस माणसांना यातलं काय मिळालं? तिला घरी कोण काय बोललं तेवढंच मिळालं. आणि मला वाटतं आपल्या पुरवणीचंही दर रविवारी तसंच होतंय.

त्या देशाबद्दल आपल्याला माहिती तरी किती आहे हो. व्हिएतनाम म्हटलं की आपल्या ग्रुपवर एकच मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी अमेरिकेला हरवल्यावर शिवाजी महाराजांचं नाव घेतलं आणि त्यांच्या समाधीवर तसं कोरलंय. याला काहीही आधार नाही. हो ची मिन्ह यांचं स्मारक हनोईत भर चौकात आहे, हजारो लोक रांगेत उभे राहून बघतात, आम्हीही बघितलं, तसलं तिथे काही नाही. महाराजांना खोट्या टेकूची गरज नाही आणि तिथल्या लोकांनी स्वतःच्या रक्ताने जे लढलं ते त्यांचं त्यांना राहू द्यावं. हे मी मुद्दाम लिहितेय कारण जिथे खरं जाऊन बघितलेलं छापलं जात नाही तिथे असले मेसेज घर करून बसतात.

आणखी एक. सोलो ट्रॅव्हल म्हटलं की फक्त बॅकपॅकवाली मुलगी डोळ्यासमोर येते. हनोईत पहाटे लोंग बिएनच्या पुलाखालच्या मंडईत रात्रभर माल उतरतो, तिथून खांद्यावर कावड घेऊन फळं भाजी विकायला निघणाऱ्या बायका बहुतेक बाहेरगावच्या असतात, मुलं नवऱ्याकडे नाहीतर आजीकडे ठेवून आलेल्या, एका खोलीत दहा जणी झोपणाऱ्या. एकटीचाच प्रवास आहे ना तो? ससून डॉकला पहाटे माल घ्यायला येणाऱ्या आपल्या कोळणींना कधी कुणी विचारलं का भीती नाही वाटत का म्हणून. गरिबाची बाई एकटी गेली तर कुणाला धाडस वाटत नाही, कारण तिच्या जाण्यावर घर चालतं. त्यांच्याकडेही सांगण्यासारखं खूप असणार, पण त्यांना पुरवणीत जागाच नाही.

आणि मराठी बाईला तर हा प्रश्न फार जुना. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा, फेब्रुवारी १८८३ मधे, बंगालमधे सेरामपूरच्या कॉलेजात उभं राहून त्यांना जाहीर उत्तरं द्यावी लागली होती. अमेरिकेलाच का, इथे का नाही शिकत, संकट आलं तर काय, जात बाहेर टाकेल त्याचं काय, आणि त्यातलाच एक प्रश्न, एकटी का जातेस. वय अठरासुद्धा पूर्ण नाही. त्यानंतर बरोबर १३० वर्षांनी व्हिएतनामची मुलगी तसल्याच प्रश्नांना उत्तरं देत होती. पण १८८६ ला आनंदीबाईंच्या पदवीदानाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, पुढे तिथेच फिरल्या आणि १८८९ मधे मराठीत अमेरिकेवर अख्खं पुस्तक दिलं, तिथलं राज्य कसं चालतं, घरं कशी, शाळा कशा, बायका संस्था कशा काढतात, काळ्या लोकांवर काय अन्याय होतो, सगळं. त्यांना कसं सोडलं आणि भीती वाटली का यावर पानं नाही घालवली त्यांनी. म्हणजे आपल्याकडे हे कुणाला जमत नाही असं अजिबात नाही, एकशेतीस पस्तीस वर्षांपूर्वी जमलेलं आहे.

तर माझी विनंती एवढीच. आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी अशा कुणावर लेख येईल तेव्हा घरच्यांची परवानगी आणि सेफ्टी टिप्स यांना खाली छोट्या चौकटीत ठेवा, पहिलं अर्धं पान तिने बघितलेल्या एखाद्या बाईच्या, शेताच्या, रस्त्याच्या गोष्टीला द्या. फोटोही तिचा गॉगलवाला नको, तिने काढलेला छापा. शिवाय व्हिएतनाम, फिलिपाइन्स, इंडोनेशिया इथल्या मुली आपापल्या भाषेत प्रवासावर भरपूर लिहितायत, त्यातलं निवडक मराठीत आणता आलं तर बघा, भाषांतर करणारी माणसं पुण्यामुंबईत मिळतील. पहिला भाग हा जांगच्या त्या मक्याचा असेल तर मी शेजारच्या चार घरांत तो अंक वाटायला तयार आहे.

आपली नियमित वाचक,
नाशिक रोड