स्वारगेटवरूनच येते

पुणे, रविवार, 9 मार्च 2025

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

काल फोनवर बाबांचा आवाज चढला, मग माझाही. बोलणं राहूनच गेलं, म्हणून लिहिते.

बाबा, होळीला मी एसटी स्वारगेटवरूनच धरणार. तुम्ही म्हणता तसं कात्रजच्या पुढे हायवेच्या कडेला बॅग घेऊन एकटीने उभं राहायचं, तर हात केल्यावर एसटी थांबेलच असं नाही, आणि थांबतात त्या भलत्याच गाड्या. स्वारगेटला निदान चार माणसं असतात.

हो, 25 फेब्रुवारीच्या पहाटेही असतीलच. तिथल्याच आगारात उभ्या शिवशाही बसमध्ये त्या मुलीवर बलात्कार झाला. माझ्या मनातून एकच गोष्ट जात नाही. बातम्यांत होतं की त्या माणसाने तिला 'ताई' म्हणून ती गाडी दाखवली. आपला बाळू मला मारतो तीच हाक. मग टीव्हीवर तो लपला होता त्या गुनाट गावचा ऊस आणि त्याला शोधत वर घिरट्या घालणारे ड्रोन. तो ऊस बघून मला आपला ओढ्याकडचा पट्टा आठवला. तुम्ही मात्र तेच बघून म्हणालात, "पुणं आता राहण्यासारखं राहिलं नाही."

भीती मलाही वाटते. पण ती अख्ख्या पुण्याची नाही, चाळीस पावलांची आहे. स्टॉपवरून खोलीकडे दोन रस्ते जातात. जवळच्या रस्त्याला बांधकामाचे पत्रे, आणि तिथला दिवा दिवाळीपासून बंद. लांबच्या रस्त्यावर इस्त्रीवाले काका, मेडिकल आणि अंडाभुर्जीची गाडी. मी लांबून जाते. भुर्जीवाला कधी धड बोलत नाही, पण एकदा एक बाइक हळूहळू माझ्या मागे येत होती, तेव्हा तो तवा तसाच टाकून रस्त्यात येऊन उभा राहिला. बाइक वळली. सोमवारी त्याची गाडी लागत नाही, त्या दिवशी मी रिक्षा करते.

आई, एक कबूल करायचंय. रोज नऊला तू विचारतेस, "पोचलीस का?" मी "पोचले" म्हणते. बऱ्याचदा मी तेव्हा बसमध्येच असते, कंडक्टरची घंटी ऐकू जाऊ नये म्हणून फोनवर हात धरते. खरं सांगितलं तर तू जागत बसशील आणि बाबा नोकरी सोड म्हणतील. पण परवा रात्री मनात आलं, वाटेत काही झालं तर तुम्ही मला खोलीतच समजाल. मग झोप लागली नाही.

आता खोटं बोलणार नाही. लोकेशन बाळूला पाठवत जाईन, तो दाखवेल. 112 तर पाठच आहे. नोकरीचा विषय मात्र काढायचा नाही.

बुधवारी दुपारीच निघते, उजेडात. कंडक्टरच्या जवळची सीट बघते. बाबा, वाई स्टँडवर या, पण तासभर आधी येऊन बसू नका, गुडघा धरतो तुमचा.

तुमची,
ताई